बातम्यांचे अजीर्ण

लालबाग-परळच्या चाळींतून येणाऱ्या पन्नाशी-साठीच्या रुग्णांची एक तक्रार हल्ली वारंवार ऐकू येते. 'डॉक्टर, झोप लागत नाही, डोळे चुरचुरतात, मान धरते.' खोदून विचारले की कळते, रात्री साडेबारापर्यंत हातात मोबाईल असतो. एक बातमी वाचून होते न होते तोच दुसरी येते, मग कुणाच्या तरी काढ्याचा व्हिडिओ. तो पाहून मधुमेहाची किंवा रक्तदाबाची गोळी परस्पर बंद करणारेही भेटतात. हे मात्र जिवावर बेतू शकते.

मोबाईलवर आपल्याला काय दिसावे, हे बहुतेक वेळा आपण ठरवतच नाही. आपण जितके जास्त थांबू तितक्या जाहिराती दिसतात, म्हणून घाबरवणारा, चिडवणारा मजकूर पुढे सरकवला जातो. मनावर ताण आला की छातीचे ठोके वाढतात, झोप उडते. टक लावून पाहताना पापण्या कमी लवतात, त्यामुळे डोळे कोरडे पडतात.

यावर एक जुनी, साधी सोय आहे. तिचे नाव आरएसएस फीड. (नावावरून गैरसमज नको, संघाच्या शाखेशी तिचा काही संबंध नाही!) १९९९ साली नेटस्केप कंपनीने ती प्रथम आणली. गिरगावात किंवा दादरला पहाटे पेपर टाकणारा मुलगा, ज्या घरी जो पेपर लावला असेल तोच टाकतो. न मागितलेले दहा पेपर दारात ओतत नाही. फीडचे तसेच आहे. संकेतस्थळ आपल्या नव्या मजकुराची यादी तयार ठेवते आणि मोबाईलमधले 'फीड रीडर' हे अ‍ॅप ती पाहून मथळे आपल्यापुढे मांडते. यादी संपली की वाचन संपले. गुगलचे रीडर २०१३ मध्ये बंद झाले, पण फीडली, इनोरीडर अशी अ‍ॅप आहेत. साध्या वापराला पैसे पडत नाहीत.

नातवाला दहा मिनिटे शेजारी बसवून पाच-सहाच ठिकाणे लावून घ्यावीत. एखादे वृत्तपत्र, आवडीचा एखादा विषय, आणि इंग्रजी वाचता येत असेल तर जागतिक आरोग्य संघटनेच्या बातम्या. यूट्यूबचे चॅनेलही असे लावता येतात. काही संकेतस्थळे ही सोय देत नाहीत; ती सोडून द्यावीत. अ‍ॅपची टिंगटिंग बंद ठेवावी. सकाळच्या चहाबरोबर वीस मिनिटे आणि दिवेलागणीनंतर वीस मिनिटे वाचन पुरे. झोपण्यापूर्वी तासभर मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवावा; एकच खोली असेल तर निदान उशाशी नको.

फीड खरे-खोटे पारखत नाही, हेही लक्षात असू द्यावे. काढेवाल्याचेच चॅनेल लावले तर रोज काढाच येईल. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारे निरोपही त्याने थांबत नाहीत. कोणतीही चालू गोळी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नये.

दोन-तीन आठवडे असे करूनही झोप लागत नसेल किंवा धडधड कमी होत नसेल, तर तपासून घ्यावे. थायरॉइडच्या विकारातही हीच लक्षणे दिसतात.