चावी काढली, तरी इंजिन बंद होईना? दोष दाराच्या लॉकमध्ये असू शकतो!

मर्सिडीज ३००डी सारख्या १९८०च्या आसपासच्या डिझेल गाड्यांत सेंट्रल लॉक विजेवर नाही, व्हॅक्यूमवर चालतं. इंजिनवरचा पंप हवा खेचतो. व्हॅक्यूम टाकीत साठतो, म्हणून गाडी बंद असतानाही लॉक चालतात. चावी फिरवल्यावर इंजिन बंद होतं, तेही व्हॅक्यूममुळेच. त्यामुळे दारातली गळती थेट इंजिनला भोवते.

गळती कशी शोधाल?

• गाडी उभी केल्यावर थोड्याच वेळात लॉक चालेनासे झाले, तर गळतीची शंका घ्या.
• गेज असलेला हातपंप एकेका दाराच्या नळीला लावा. काटा घसरला, तर रबरी पडदा फाटला असेल किंवा जोड चिरला असेल.
• दुरुस्तीपर्यंत त्या नळीला बूच लावा.

लक्षात ठेवा, ब्रेक बूस्टरही याच पंपावर चालतो. पेडल जड लागलं, तर गाडी रस्त्यावर काढू नका.