पत्ते लपतात, हात बोलतात

बालरोगतज्ज्ञाने स्मरणिकेसाठी लिहायचे म्हणजे लसीकरण, ताप किंवा न जेवणारी मुले यांपैकी एखादा विषय घ्यावा, अशी संपादक मंडळाची रास्त अपेक्षा असते. यंदा मात्र मी पत्त्यांच्या एका खेळावर लिहिणार आहे. पंचवीस वर्षांहून अधिक काळच्या व्यवसायाने मला माझ्याच शरीराविषयी जे शिकवले नव्हते, ते या खेळाने एका रात्रीत शिकवले.

बडोद्यातील आमच्या मराठी डॉक्टर मंडळींच्या कोजागरीत आटीव दूध, गाण्याच्या भेंड्या आणि मग पत्ते, हा क्रम ठरलेला आहे. या रात्री जागरण करून द्यूत खेळावे असे शास्त्रच सांगते, हे आमचे आवडते समर्थन! तीन वर्षांपूर्वी अमेरिकेहून सुटीवर आलेल्या एका सभासदाच्या चिरंजीवांनी आम्हाला पोकर शिकवला. गुजरात उच्च न्यायालयाने 2017 साली या खेळाला जुगार ठरवलेले असल्याने पैशांच्या जागी चिंचोके आले. खेळ वरकरणी सोपा आहे. प्रत्येकाजवळ दोन झाकलेली पाने असतात आणि मध्ये टप्प्याटप्प्याने सर्वांसाठी पाच पाने उघडली जातात. दर टप्प्याला चिंचोके लावायचे किंवा पाने टाकून बाजूला व्हायचे.

मला बदाम आणि किल्वर असे दोन राजे आले. मधल्या पहिल्या तीन पानांत तिसरा राजा उघडला. चेहरा मी अगदी दगडासारखा ठेवला आणि दहा चिंचोके पुढे सरकवले. एकेक करून सर्वांनी पाने टाकली. तीन राजे हाती असून माझी कमाई झाली अवघी चार चिंचोक्यांची. शेजारी बसलेले आमचे भूलतज्ज्ञ मित्र हसून म्हणाले, "अरे, तुझा चेहरा पाहतंय कोण? तुझा हात थरथरत होता आणि श्वास दुप्पट झाला होता. माझा जन्म लोकांच्या छातीकडे पाहण्यात गेलाय!"

घरी आल्यावर मी या विषयावर वाचू लागलो. अमेरिकेतील पोकरपटू माइक कॅरो यांनी 1984 साली अशा शारीरिक खुणांवर सचित्र पुस्तक लिहिले. त्यातील एक निरीक्षण आपल्या समजुतीच्या अगदी उलट आहे. हात एकाएकी थरथरू लागला की आपण म्हणतो, हा थाप मारतो आहे. कॅरो म्हणतात, सावध राहा, त्याच्याकडे बहुधा उत्तम पाने आहेत. थाप मारणारा माणूस उलट स्वतःला आवळून धरतो, निश्चल होतो, श्वासही रोखतो. उत्तम पान दिसले की तो ताण सुटतो आणि हात कापू लागतो.

यातील शरीरक्रिया आपणा सर्वांच्या परिचयाची आहे. अॅड्रिनलिन वाढले की नाडी जलद होते, तोंड कोरडे पडते, तळवे घामेजतात आणि स्नायूंतील बीटा-2 ग्राहकांमुळे बोटांचा नैसर्गिक सूक्ष्म कंप डोळ्यांना दिसण्याइतका वाढतो. समोर वाघ आहे की चिंचोके, याची चौकशी आपली मज्जासंस्था करीत बसत नाही.

मायकल स्लेपियन आणि सहकाऱ्यांनी 2013 साली प्रसिद्ध केलेला अभ्यास तर अधिकच मनोरंजक आहे. वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर या स्पर्धेच्या चित्रफिती त्यांनी विद्यार्थ्यांना दाखवल्या. काहींना खेळाडूंचे फक्त चेहरे दिसले, काहींना फक्त हात. चेहरे पाहून अंदाज करणारे साफ फसले. हात पाहणाऱ्यांचे अंदाज मात्र निव्वळ योगायोगापेक्षा सरस ठरले, कारण चांगली पाने असलेल्यांच्या हालचाली अधिक सफाईदार होत्या. म्हणजे नवख्याचा हात चांगल्या पानांनी थरथरतो आणि कसलेल्याचा अधिक सहज चालतो. बोलतात दोन्ही हात!

मग उपाय काय? औषधाचा मोह डॉक्टरांना प्रथम होतो. प्रोप्रॅनोलॉलने कंप कमी होतो हे खरेच. परंतु 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये उत्तर कोरियाचे नेमबाज किम जाँग-सू यांना याच औषधापायी दोन पदके गमवावी लागली. शिवाय दम्याच्या रुग्णाला ते घातक ठरू शकते. खेळासाठी नमुन्यांचा खण उघडू नये, हेच बरे.

मला तीन साधे उपाय लागू पडले. पहिला श्वासाचा. उच्छ्वास श्वासापेक्षा लांबवला की व्हेगस मज्जातंतूच्या प्रभावाने नाडी मंदावते. दुसरा, ठरावीक रीतीचा. पाने चांगली असोत वा वाईट, ती एकदाच पाहायची, मनात तीन अंक मोजायचे, चिंचोके त्याच हाताने त्याच गतीने सरकवायचे आणि नंतर हात टेबलावर टेकवून ठेवायचे. भीती लपवण्यापेक्षा प्रत्येक वेळी सारखेच वागणे सोपे असते. तिसरा उपाय मनाचा. हार्वर्डच्या अॅलिसन वुड ब्रुक्स यांनी 2014 साली दाखवून दिले की कसोटीच्या क्षणी "शांत हो" असे स्वतःला बजावण्यापेक्षा "मला उत्साह वाटतो आहे" असे म्हणणाऱ्यांची कामगिरी अधिक चांगली होते. धडधड तीच राहते, तिचे नाव बदलते. पुढच्या कोजागरीला भूलतज्ज्ञ मित्रांनी माझ्याकडून पंचवीस चिंचोके गमावले, हे येथे नम्रपणे नमूद करतो.

येथे लेख संपला असता. परंतु हे सारे वाचत असता मला पुनःपुन्हा एक जुना प्रसंग आठवत राहिला. चार वर्षांचा एक मुलगा सर्दी-तापासाठी नेहमी माझ्याकडे येत असे. एका संध्याकाळी तो फिकुटलेला आला, पायांवर निळे डाग होते, पोट तपासताना प्लीहा हाताला लागली. मी हसतमुख राहिलो, त्याच्याशी गाडीच्या गप्पा मारल्या आणि आईला म्हटले, "काही नाही, साध्या तपासण्या करून घेऊ." दुसऱ्या दिवशी रक्ताचा कर्करोग असल्याची शंका बळावली. मी बोलू लागताच ती माउली म्हणाली, "डॉक्टर, मला काल संध्याकाळीच कळलं होतं. तुम्ही औषध न लिहिता पेनाला टोपण लावलंत. काहीतरी मोठं आहे एवढं समजलं, काय ते समजलं नाही. रात्रभर मी एकटीच त्याच्याजवळ बसून होते."

मुलगा दीर्घ उपचारांनंतर बरा झाला. ते वाक्य मात्र माझ्यापाशी राहिले. एडवर्ड ट्रॉनिक यांचा 1970 च्या दशकातील प्रयोग आपल्याला ठाऊक आहे. आईने काही क्षण चेहरा निर्विकार ठेवला की तान्हे मूल प्रथम हसून तिला बोलावते, हात पुढे करते आणि अखेर व्याकूळ होते. हा प्रयोग मी विद्यार्थ्यांना अनेकदा शिकवला होता. त्या संध्याकाळी एका आईसमोर मी तोच निर्विकार चेहरा घेऊन बसलो होतो, हे माझ्या ध्यानात आले नव्हते.

पोकरच्या टेबलावर समोरचा प्रतिस्पर्धी असतो, म्हणून पाने झाकायची. तपासणीच्या टेबलापलीकडे मात्र आपलाच भिडू बसलेला असतो. लांब उच्छ्वास आणि स्थिर हात मला तेथेही लागतात, पण आता ते पाने झाकण्यासाठी नसतात. शंका आली की मी पेन खाली ठेवतो, खुर्ची जवळ ओढतो आणि जेवढे मला ठाऊक आहे तेवढे त्याच संध्याकाळी सांगतो. आवाज कापू नये, एवढ्यासाठीच आधी एकदा सावकाश श्वास सोडतो.