मिमाच्या खोलीत

कार्टून म्हटले की ते बालकांच्या करमणुकीचे साधन, अशी जी एक सरसकट समजूत आपल्याकडे रूढ आहे, तिच्या भरवशावर कोणी सातोशी कोन या जपानी दिग्दर्शकांचा १९९७ सालचा 'परफेक्ट ब्लू' मुलाबाळांसह पाहावयास बसेल, तर अर्ध्या तासाच्या आतबाहेर त्याला मुलांची रवानगी दुसऱ्या खोलीत करावी लागेल.

यात भूतपिशाच्च नाही. गायिकांच्या एका त्रयीतील मिमा किरिगोए ही तरुणी, तिचे व्यवहार पाहणाऱ्या कचेरीच्या आग्रहावरून, गाणे सोडून अभिनयाकडे वळते; पण निरागस मिमावर आपली जणू वहिवाटच आहे असे मानणाऱ्या काही चाहत्यांना ते मंजूर नसते. आरंभीच्या जलशात त्यांपैकी एकजण आपला तळवा डोळ्यांसमोर अशा बेताने धरतो, की दूर रंगमंचावर नाचणारी मिमा त्याच्या हातावरच नाचत आहे असे दिसावे. पुढे इंटरनेटवर आपल्या नावाने कोणी रोजनिशी लिहीत असल्याचे मिमाला कळते, आणि आगगाडीतून उतरताना आपण कोणता पाय आधी टाकतो हाही तपशील तीत बिनचूक नोंदलेला पाहून ती प्रथम हसते, मग तिचे हसू मावळते.

नवख्या प्रेक्षकाची खरी त्रेधा यापुढे उडते. मिमा ज्या मालिकेत काम करते तिच्यात खून आहेत, आणि बाहेरही खून पडू लागले आहेत. कोन मात्र एका प्रसंगातून दुसऱ्यात सांधा न दाखविता असे नेतात, की आपण पाहिले ते घडले, की तिच्या स्वप्नात होते, की ते निव्वळ चित्रीकरण होते, याची खातरजमा करण्याची सोयच राहत नाही. मालिकेतील बलात्काराच्या प्रसंगाचे चित्रण मध्येच थांबते तेव्हा अत्याचाऱ्याचे काम करणारा नट हलक्या आवाजात तिची क्षमा मागतो, आणि हुकूम होताच पुन्हा कामावर रुजू होतो. चित्रपटात रक्तपात पुष्कळ आहे. मला अधिक भयंकर वाटली ती ही सभ्यता.

योशिकाझु ताकेउची यांच्या कादंबरीवरून ही कथा प्रथम जिवंत नट घेऊन चित्रित व्हावयाची होती. १९९५च्या कोबे भूकंपानंतर खर्चाला कात्री लागली आणि ती चित्रकारांच्या हाती आली. या आपत्तीने कलेचे कल्याणच केले असे म्हणावे लागेल. कारण हाडामांसाच्या नटीशेजारी भास उभा केला, की प्रेक्षकाला त्यातला खोटा कोणता हे चटकन उमगते, परंतु येथे घाबरलेली मिमा आणि दिव्याच्या खांबांवरून हसत उड्या मारीत जाणारी दुसरी मिमा, दोघी एकाच रेषेच्या, एकाच रंगाच्या, तेव्हा कोणाची जबानी ग्राह्य धरावी?

शेवटी खुनांचा छडा लागतो, तो येथे फोडीत नाही. पण मधल्या कोणत्या प्रसंगांना खरे मानावे, याविषयी पाहणाऱ्यांत अद्याप एकमत झालेले नाही.