दादींचा सज्दा आणि बाळाचे पाऊल

गेल्या पावसाळ्यात मगरिबच्या नमाजला आमच्या घरातल्या दादी नेहमीप्रमाणे उभ्या होत्या. दुसऱ्या सज्द्यातून डोके वर घेताच त्यांनी भिंत धरली. "अगे, घर फिरतंय," एवढेच म्हणाल्या आणि मुसल्ल्यावरच आडव्या झाल्या. मिनिटभरात सगळे शांत झाले. पण दुसऱ्या दिवशी फजरला तेच, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

मग घराघरांत होते तेच आमच्याकडेही झाले. कुणी म्हणाले बीपी, कुणी मानेचा मणका, कुणी अशक्तपणा. शेजारच्या चाचींनी नजर उतरवली. एका दवाखान्यात रक्तदाब मोजून चक्करेच्या गोळ्या मिळाल्या. त्या गोळ्यांनी दादी दिवसभर पेंगत राहिल्या, चक्कर मात्र गेली नाही. अखेर त्यांनी खुर्ची घेतली. खुर्चीवर बसून, मान किंचित झुकवून नमाज. दीड महिना असा गेला. एकदा इशाची नमाज झाल्यावर त्या डोळे पुसताना दिसल्या. आम्ही विचारले तेव्हा म्हणाल्या, "कपाळ जमिनीला लागत नाही. साठ वर्षांची सवय आहे माझी."

त्याच खुर्चीला धरून घरातले सर्वांत लहान, अकरा महिन्यांचे बाळ त्या दिवसांत उभे राहायला शिकत होते. दादी नमाजला बसल्या की तो खुर्चीचा पाय पकडून उठे, दोन क्षण डुले आणि धप्पकन बसे. एका माणसाचे उभे राहणे सुटत होते आणि दुसऱ्याचे सुरू होत होते. हे सगळे घडते कसे, याची चौकशी आम्ही तेव्हापासून सुरू केली.

उभे राहणे हे पायांचे काम आहे असे आपण समजतो. खरे तर मेंदूला तीन ठिकाणांहून सतत बातमी लागते. डोळे सांगतात आजूबाजूला काय आहे. कानाच्या आतल्या भागातले इंद्रिय सांगते डोके कुठे झुकले, कुठे वळले. तळपाय, घोटे, गुडघे आणि स्नायू सांगतात अंगाचा भार कुठे पडला आहे. या तीन बातम्या जुळवून मेंदू क्षणोक्षणी पायांना हुकूम देतो. लहानपणी ही जुळवाजुळव शिकायची असते आणि म्हातारपणी बातम्याच अस्पष्ट येऊ लागतात.

पाहणे म्हणजे नुसते डोळ्यांत उजेड जाणे नव्हे, हे हजार वर्षांपूर्वी इब्न अल-हैसम यांनी मांडले होते. बसऱ्यात जन्मलेल्या आणि कैरोत राहून 'किताब अल-मनाझिर' लिहिणाऱ्या या विद्वानाने दाखवले की प्रकाश वस्तूकडून डोळ्यांत येतो, आणि ती वस्तू किती दूर, किती मोठी, हे मन आधीच्या अनुभवावरून ठरवते. आमच्या बाळाला नेमका तो अनुभवच नव्हता.

नवजात बाळाला साधारण वीत-सव्वा वीत अंतरापर्यंतचेच बरे दिसते, म्हणजे दूध पाजणाऱ्या आईच्या चेहऱ्याइतके. तळहातावर बोट ठेवले तर ते मूठ घट्ट आवळते, पण त्यात त्याची इच्छा नसते. हळूहळू मान सावरते, मग बसते, मग रांगते. रांगणारे मूल खळ्याच्या पायरीपाशी काही आठवड्यांत थांबायला शिकते. आम्हाला वाटले, कळले याला. पण चालायला लागल्यावर तोच बाळ त्याच पायरीवरून सरळ पुढे निघाला! न्यूयॉर्कच्या संशोधक कॅरन अडॉल्फ यांनी उतरत्या फळ्या मांडून हेच पाहिले आहे. रांगताना धोकादायक उतार टाळणारे मूल नव्याने चालू लागले की तोच उतार पुन्हा टाळत नाही. रांगण्याचे शहाणपण चालण्याला उपयोगी पडत नाही, ते नव्याने मिळवावे लागते. त्यांच्याच २०१२ च्या अभ्यासात बारा ते एकोणीस महिन्यांच्या मुलांनी मोकळे खेळताना तासाला सरासरी २३६८ पावले टाकली आणि १७ वेळा ती पडली. तेव्हा बाळ पडले की धावत जाऊन कडेवर घेणाऱ्यांनी जरा दम धरावा. पायरीला मात्र आडवी फळी हवीच.

लहान मुले तोल सावरताना डोळ्यांवर फार विसंबतात. १९७४ मध्ये ली आणि अॅरनसन या दोघांनी एक सरकणारी खोली केली होती. जमीन जागेवर आणि भिंती तेवढ्या हलायच्या. नुकती उभी राहू लागलेली मुले भिंत हलताच पडत. त्यांच्या पायांखाली काहीच हलले नव्हते, पण डोळ्यांची साक्ष त्यांनी खरी मानली. सात ते दहा वर्षांच्या दरम्यान मूल या तिन्ही बातम्यांचा मेळ मोठ्यांसारखा घालू लागते. सातव्या वर्षी मुलांना नमाज सांगावी, अशी हदीस आपल्याला माहीत आहे. धर्माच्या प्रत्येक आदेशाला विज्ञानाचा शिक्का शोधत बसणे आम्हाला पसंत नाही, तेव्हा इथेही तो शोधत नाही. एवढे मात्र डोळ्यांनी पाहिले की चार वर्षांची पोर रुकूत जाताना पुढे कोलमडते आणि सात-आठ वर्षांची नीट झुकते.

पुढे तरुणपण येते. आपल्या बागांतून कलमावर चढून झेल्याने आंबा देठासकट उतरवणारा गडी पाहावा. एक हात फांदीला, नजर फळावर, पाय बेचक्यात, आणि तोंडाने खालच्याशी गप्पा. तोल सांभाळतोय हे त्याच्या ध्यानीमनीही नसते.

चाळिशीनंतर जवळचे अक्षर दिसेनासे होते, कारण डोळ्यातले भिंग ताठर बनते. पुढे ते पिवळसर होते, बाहुली लहान होते. साठीच्या माणसाच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या मानाने सुमारे एक तृतीयांश उजेड पोहोचतो. म्हणजे जी चिऱ्याची पायरी आपल्याला फजरच्या वेळी अंधूक दिसते, ती दादाजींना जवळजवळ दिसतच नाही. त्यात जुलैचे शेवाळ आणि गेलेली वीज. तळपायांची जाणीव कमी होते, मधुमेह असेल तर फारच. स्नायू रोडावतात, घसरल्यावर सावरण्याची पावले उशिरा पडतात. चालणे, जे पूर्वी आपोआप होई, त्याला आता लक्ष द्यावे लागते. स्वीडनमध्ये १९९७ साली एक साधी पाहणी झाली. वृद्धांसोबत चालताना बोलणे सुरू केले की कोण थांबते, एवढेच पाहिले. जे १२ जण बोलण्यासाठी थांबले, त्यांपैकी १० जण पुढच्या सहा महिन्यांत पडले. तेव्हा मशिदीच्या पायऱ्या उतरणाऱ्या बुजुर्गांना मागून हाक मारून मुसाफा करणे टाळावे. सलाम खाली पोहोचल्यावरही करता येतो. दूरचे-जवळचे एकाच काचेत असलेला चष्मा घालून पायऱ्या उतरणेही धोक्याचे, कारण खालच्या काचेतून पायरी धूसर दिसते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांनुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून दगावतात, आणि त्यांत साठीपुढची सर्वाधिक.

दादींच्या चक्करेचे कारण मात्र आणखी वेगळे निघाले. नांदगाव तिठ्यावरून एसटीने आम्ही त्यांना कणकवलीला कानाच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी दादींना पलंगावर बसवले, मान एका बाजूला वळवून झटकन मागे आडवे केले आणि डोळ्यांकडे पाहत राहिले. दादींची बुबुळे थरथरू लागली. डॉक्टर हसून म्हणाले, "कानातले खडे सुटलेत."

आतल्या कानात चुन्याच्या जातीचे अतिसूक्ष्म खडे एका चिकट पडद्यावर बसलेले असतात. डोके किती झुकले ते त्यांच्या भारावरून कळते. शेजारी द्रवाने भरलेल्या तीन अर्धगोल नळ्या असतात, त्या डोके वळल्याची खबर देतात. वय वाढले की काही खडे सुटून नळीत शिरतात. मग सज्द्यात डोके खाली गेले, किंवा अंथरुणात कूस बदलली, की ते घरंगळतात. नळीतला द्रव हलतो आणि मेंदूला वाटते डोके गरगरा फिरते आहे. हा त्रास पन्नाशीनंतर आणि बायकांत जास्त होतो. एक झटका बहुधा मिनिटभरात संपतो. याला गोळी फारशी लागू पडत नाही. डोके ठरावीक क्रमाने वळवून खडे नळीबाहेर काढायचे, हाच उपाय. दादींना तो दोनदा करावा लागला. खर्च एसटीच्या भाड्यापेक्षा थोडाच जास्त आला.

चक्करेबरोबर बोबडे बोलणे, एका बाजूचा हातपाय लुळा पडणे किंवा एकाचे दोन दिसणे असेल तर ते खडे नव्हेत. तेव्हा क्षणभरही न थांबता इस्पितळ गाठावे. आणि बसल्याचे उठून उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी येत असेल तर तो रक्तदाबाचा प्रश्न असू शकतो, त्याचा इलाज निराळा.

चक्कर गेली. आम्हाला वाटले आता दादी मुसल्ल्यावर जातील. पण दीड महिन्याच्या खुर्चीने गुडघे आखडले होते आणि मनात भीती बसली होती. पडण्याच्या भीतीने माणूस हालचाल कमी करतो आणि हालचाल कमी झाली की खरोखर पडतो. फर्ज नमाजांच्या १७ रकातींत ३४ सज्दे होतात, म्हणजे दिवसातून इतक्या वेळा जमिनीवर जाणे आणि परतणे. हा व्यायाम म्हणून सांगितलेला नाही, पण तो बंद पडला की शरीराला कळते. हजरत इमरान बिन हुसैन (रजि.) यांना आजारपणात मिळालेली सवलत आपल्याकडे सर्वांना ठाऊक आहे: उभे राहणे जमत नसेल तर बसून, तेही नसेल तर कुशीवर. सवलत खरीच आहे आणि तिचा संकोच कुणी बाळगू नये. आमचे म्हणणे इतकेच की खुर्ची घेण्याआधी आलिमांना विचारतो तसे एकदा डॉक्टरांनाही विचारावे.

उतारवयात ताकद परत येत नाही, हा समज १९९० सालीच खोटा ठरला आहे. बोस्टनमध्ये नव्वदीच्या आसपासच्या वृद्धांना आठ आठवडे पायांनी वजन उचलायला लावले, तर त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. दादींना वजने नकोत. डॉक्टरांनी सांगितले, खुर्ची भिंतीला टेकवा, हात न लावता उठा-बसा. मग खुर्चीची पाठ धरून एका पायावर दहा अंक मोजा. दादी अंक मोजत नाहीत, तस्बीह पढतात.

खळ्याच्या पायऱ्या आम्ही खराट्याने घासून ब्लीचिंग पावडर टाकली, कडेला पांढरा पट्टा ओढला, बाजूला लोखंडी पाइप बसवला. न्हाणीघरात वुजूसाठी बसायला स्टूल आणि उठताना धरायला दांडी लावली. फजरला पडवीतला दिवा चालू राहतो. बिल वाढले म्हणून दादाजींची कुरकुर असते.

रमजानच्या आधी एका असरला दादी पहिल्यांदा मुसल्ल्यावर उतरल्या. सज्द्यात गेल्या तेव्हा बाळ त्यांच्या पाठीवर चढले. आम्ही त्याला उचलायला धावलो, तर दादींनी तसेच राहून हाताने खूण केली, राहू द्या. तो आपण होऊन उतरला, खुर्ची न धरता तीन पावले चालला आणि बसला. मग दादी उठल्या.