हिवाळ्यातील वीज आणि घरचे जनित्र

आपल्याकडे वीज गेली, की पंखा थांबतो, दिवा मालवतो आणि फार तर संध्याकाळचा अभ्यास अडतो. परंतु कॅनडासारख्या देशात, जेथे हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरतो, तेथे वीज जाणे ही निराळीच गोष्ट आहे. घर उबदार ठेवण्याचे काम तेथे पुष्कळ घरांत विजेवर अवलंबून असते. ती बंद पडली, म्हणजे हळूहळू भिंती गारठतात आणि नळांतील पाणी गोठते. पाणी गोठताना फुगते, त्यामुळे धातूचे नळदेखील फुटतात.

१९९८ सालच्या जानेवारीत कॅनडाच्या पूर्व भागात, विशेषतः क्वेबेक प्रांतात, एक विलक्षण पाऊस पडला. वरच्या हवेत तो पाणीच होता. पण जमिनीलगतची हवा गोठणबिंदूच्या खाली असल्यामुळे, ज्या वस्तूवर थेंब पडे तिच्यावर त्याचा तत्काळ बर्फ होऊन बसे. पाच-सहा दिवस हे चालले. विजेच्या तारांवर बर्फाची जाड वेष्टणे चढली आणि त्या भाराने सुमारे एक हजार पोलादी मनोरे व हजारो लाकडी खांब कोसळले. तीस लाखांहून अधिक लोक अंधारात व थंडीत सापडले. काहींच्या घरी तर महिना उलटला तरी वीज आली नव्हती. मॉन्ट्रियलजवळच्या बूशरव्हिल या गावात लोकांनी रेल्वेचे डिझेल इंजिन रुळांवरून उतरवून चक्क रस्त्याने नगरभवनापर्यंत नेले आणि त्याच्या जनित्रातून तेथे वीज पुरविली!

प्रत्येकाच्या दारी आगगाडीचे इंजिन काही येऊ शकत नाही. म्हणून अशा प्रदेशांतील पुष्कळ कुटुंबे घरी एक लहान जनित्र ठेवतात. चुंबकाच्या क्षेत्रात तारेचे वेटोळे फिरविले, की तारेत वीज वाहू लागते, हे तत्त्व मायकेल फॅरडे याने १८३१ साली शोधून काढले. जनित्र त्यावरच चालते. फिरविण्याचे काम इंजिन करते.

परंतु जनित्र केवढे घ्यावे? याचे उत्तर दुकानात नव्हे, घरातच शोधावयाचे असते. समजा, एका घरी तेलावर जळणारी भट्टी आहे. तिची ऊब घरभर खेळविणारा पंखा ६०० वॉट वीज घेतो. विहिरीवरचा पंप १,००० वॉट, शीतकपाट २०० वॉट आणि काही दिवे मिळून १०० वॉट. बेरीज १,९०० झाली. तेव्हा २,००० वॉटचे जनित्र पुरे, असे तुम्ही म्हणाल. पण तेथेच गणित चुकते. थांबलेली गाडी ढकलताना पहिला जोर अधिक लागतो ना? तसेच मोटारीचेही आहे. सुरू होण्याच्या क्षणी ती नेहमीच्या दुप्पट-तिप्पट वीज ओढते. आपला पंप तिप्पट ओढतो असे धरले, तर त्या क्षणापुरते आणखी २,००० वॉट लागतील. म्हणजे एकूण ३,९००. सर्व मोटारी एकाच क्षणी सुरू होत नाहीत, म्हणून सर्वांत मोठ्या मोटारीचाच हा जादा भार धरावयाचा. थोडा वाव ठेवून या घराने ५,००० वॉटचे जनित्र घ्यावे.

ज्या घरात ऊबच विजेपासून मिळते, तेथे मात्र हा हिशेब टिकत नाही. खोलीतील एकच विजेची शेगडी १,५०० वॉट घेते. सारे घर तापवावयाचे तर लहान जनित्र बापुडे काय करणार? अशा घरी लाकडाची चूल आणि नीट साफ केलेले धुराडे हाच खरा आधार.

आता इंधन. पेट्रोल सहज मिळते, पण साठविलेले पेट्रोल काही महिन्यांत बिघडते. आणि वीज गेली म्हणजे पेट्रोल पंपही थंड पडतात, हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. वरच्यासारखे जनित्र अर्ध्या भारावर ताशी दीड-दोन लिटर पेट्रोल पिते. म्हणून ते रात्रंदिवस न चालविता, घर तापेपर्यंत काही तास चालवावे. कडक थंडीत साध्या डिझेलमध्ये मेणासारखे कण धरतात व इंजिन अडते. टाकीतला प्रोपेन वायू दीर्घकाळ साठविला तरी बिघडत नाही, हा त्याचा मोठा गुण.

जनित्र चांगले निवडूनही ते कोठे ठेवावे हे न कळले, तर प्राणावर बेतते. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड हा वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील प्राणवायू वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशेपट ओढीने चिकटतो, आणि माणूस बसल्या जागी बेशुद्ध होतो. १९९८ च्या त्या संकटातही या वायूने माणसे दगावली. म्हणून बाहेर हिमवर्षाव होत असला, तरी जनित्र तळघरात किंवा मोटारखान्यात ठेवू नये. दार उघडे असले तरीही नाही. ते घरापासून निदान वीस फूट दूर, खिडक्यांकडे धूर जाणार नाही असे, छपराखाली पण मोकळ्या हवेत ठेवावे.

दुसरा धोका शेजाऱ्यापाजाऱ्यांना व वायरमनला असतो. जनित्राची वीज घरच्या तारांत सोडली आणि बाहेरचा जोड तोडला नाही, तर ती उलटी रस्त्यावरील रोहित्रात शिरते. जे रोहित्र एरवी विजेचा दाब कमी करते, तेच आता तो वाढवून हजारो व्होल्टवर नेते. खांबावर चढलेल्या माणसाला ती तार मृत वाटत असते! हे टाळण्यासाठी घरी चेंजओव्हर स्विच बसवितात. त्याची दांडी एका वेळी एकाच बाजूस लागते: एक तर बाहेरची वीज, नाही तर जनित्र. आपल्याकडील दुकानांत व रुग्णालयांतही तो याच कारणासाठी असतो.

वीज परत आली हे रस्त्यावरचे दिवे लागताच कळते. मग प्रथम घरातील उपकरणे बंद करावी, स्विचची दांडी बाहेरच्या विजेकडे वळवावी, आणि जनित्र काही मिनिटे भाराविना चालवून थंड होऊ द्यावे व मग बंद करावे. टाकीत इंधन भरावयाचे ते त्यानंतर, तापलेल्या इंजिनावर कधीही नाही.