यंत्र वाजलं तर आधी काय मागावं?

ताईंनो, आपल्या अड्याळच्या कितीतरी घरांतला नवरा नाहीतर पोरगा गाडीवर ड्रायव्हर आहे. ड्यूटीआधी यंत्रात फुंकायला लावतात, ते बरंच आहे. पिऊन गाडी चालवणाऱ्याची बाजू आपण घेत नाही. कायद्यात मर्यादा 100 मिली रक्तात 30 मिलीग्रॅम अल्कोहोल.

पण खोकल्याच्या काही औषधांतही अल्कोहोल असतं. तोंडातलं ते पंधरा-वीस मिनिटांत ओसरतं. म्हणून यंत्र वाजलं तर भांडण नको. चूळ भरून, तेवढं थांबून पुन्हा फुंकू द्या म्हणावं. तरीही वाद राहिला तर लगेच सरकारी दवाखान्यात रक्ततपासणी मागावी. अर्ज लेखी द्यावा, त्यावर वेळ टाकावी. उशीर झाला की रक्तातलं प्रमाण उतरतं, मग तपासणीचा उपयोग नाही.

नुसत्या वासावरून दारू प्याला असं पक्कं ठरत नाही, हे सुप्रीम कोर्टानं 1971 साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सांगितलंय. कायम कामगाराला बडतर्फ करण्याआधी आरोपपत्र अन् चौकशी लागतेच.