श्वासाला वाऱ्याचा टेकू

घरात कोणी मोठ्याने घोरू लागले की मुले तोंडावर हात ठेवून हसतात आणि वडीलधारी माणसे म्हणतात, "किती गाढ झोप लागली आहे पाहा!" घोरणारा मनुष्य सुखी, अशी आपल्याकडे जुनी समजूत आहे. कीर्तनकार कुंभकर्णाचे घोरणे रंगवून सांगतात, तेव्हा श्रोत्यांना भीतीपेक्षा हसूच अधिक येते.

परंतु काही घोरणाऱ्यांच्या उशाशी रात्री दहा-पंधरा मिनिटे शांतपणे बसून पाहिले, तर निराळाच प्रकार ध्यानात येतो. घोरण्याचा आवाज चढत जातो आणि एकाएकी थांबतो. छाती व पोट हलत असतात; पण नाकातोंडाशी वाऱ्याची झुळूक नसते. दहा सेकंद जातात, वीस जातात, कधी अर्धा मिनिटही जातो. मग गुदमरलेला मनुष्य पाण्यातून वर यावा तसा मोठा आवाज होऊन श्वास सुटतो, निजलेला कूस बदलतो आणि पुन्हा घोरू लागतो. सकाळी विचारले तर त्याला यातले काहीच आठवत नाही.

या विकारास स्लीप ॲप्निया म्हणतात. ॲप्निया हा मुळात ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ श्वासाचा अभाव. मराठीत त्यास निद्राश्वासरोध असे म्हणता येईल. त्यावर एक साधा व परिणामकारक उपाय गेल्या चार दशकांपासून उपलब्ध आहे. तथापि तो उपाय नुसता विकत घेऊन भागत नाही. तो शिकावा लागतो. ते शिक्षण कसे घ्यावे, हे या लेखात पाहू.

रोध का होतो?

नाकाच्या पोकळीला हाडांच्या भिंती आहेत. श्वासनलिकेला कूर्चेची कडी आहेत. परंतु या दोहोंच्या मधला घशाचा भाग मऊ आहे. पडजीभ, जिभेचे मूळ व घशाच्या बाजू यांना स्नायूंनी ताणून धरलेले असते, म्हणून जागेपणी ही वाट उघडी राहते. झोपेत हे स्नायू सैल पडतात. ज्यांचा घसा जन्मतः अरुंद असतो, जबडा मागे असतो अथवा मानेभोवती मेद साठलेला असतो, त्यांच्या घशाच्या भिंती एकमेकींना चिकटतात. म्हणून हा विकार लठ्ठ माणसांत अधिक आढळत असला, तरी सडपातळ माणसांनाही होऊ शकतो. उताणे निजल्याने आणि निजण्यापूर्वी मद्य घेतल्याने तो बळावतो.

भिजलेल्या कागदी नळीने घट्ट सरबत ओढून पाहावे. नळी चपटी होते, आणि जितक्या जोराने ओढावे तितकी ती अधिकच चिकटते. झोपेतील घशाची हीच गत होते. रक्तातील प्राणवायू कमी होऊ लागला की मेंदू क्षणभर जागा होतो, स्नायू ताणले जातात, वाट मोकळी होते आणि पुन्हा झोप लागते.

किमान दहा सेकंद श्वास थांबला अथवा ठरावीक मर्यादेपलीकडे मंदावला की ती एक घटना धरतात. निद्रा-परीक्षणात अशा घटना तासाला ५ ते १५ आढळल्यास विकार सौम्य, १५ ते ३० असल्यास मध्यम आणि ३० किंवा अधिक असल्यास तीव्र समजतात. तासाला ३० म्हणजे सात तासांच्या झोपेत २१० वेळा श्वासाची अडवणूक! सकाळी डोके दुखणे, दिवसा पेंग येणे, चिडचिड, विसराळूपणा आणि वाढलेला रक्तदाब ही त्याची नेहमीची लक्षणे होत. असा मनुष्य मोटार चालवीत असेल, तर त्याच्या क्षणभराच्या डुलकीची किंमत रस्त्यावरील दुसऱ्यालाही मोजावी लागते.

कादंबरीपासून प्रयोगशाळेपर्यंत

चार्ल्स डिकन्स याने १८३६-३७ साली प्रसिद्ध केलेल्या 'पिकविक पेपर्स' या कादंबरीत जो नावाचा एक लठ्ठ मुलगा आहे. तो काम करता करता, उभ्या उभ्यादेखील झोपी जातो. १९५६ साली काही अमेरिकन डॉक्टरांनी अशा लठ्ठ व सदैव पेंगणाऱ्या रुग्णांच्या विकारास त्या कादंबरीचेच नाव दिले. पुढे १९६५ साली फ्रान्स व जर्मनी येथील संशोधकांनी रुग्णांच्या झोपेचे रात्रभर आलेखन केले, आणि झोपेत त्यांचा श्वास वारंवार अडतो हे स्पष्ट झाले.

रोग कळला, पण उपाय कठोर होता. गळ्यास पुढून छिद्र पाडून श्वासनलिकेत नळी बसवावयाची, म्हणजे अडलेली वाट टाळून वारा थेट आत जावयाचा. प्राण वाचत, परंतु जन्मभर गळ्यात नळी वागविणे कोणास आवडेल?

१९८० सालच्या जून महिन्यात सिडनी विद्यापीठातील कॉलिन सलिव्हन यांच्याकडे असाच एक तीव्र विकाराचा रुग्ण होता. गळ्याला छिद्र पाडून घेण्यास तो तयार नव्हता. मात्र एका रात्रीच्या प्रयोगास त्याने होकार दिला. सलिव्हन यांनी त्याच्या नाकावर मुखवटा बसवून त्यातून मंद दाबाने सतत वारा सोडला. रुग्णाचा घसा उघडा राहिला आणि त्याला गाढ झोप लागली. पाच रुग्णांवरील असे निष्कर्ष १९८१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. आरंभीची साधने ओबडधोबड होती. मुखवटा दर रात्री नाकाभोवती चिकटवावा लागे, आणि झोताचे यंत्र मोठा आवाज करी. आजचे यंत्र लहानशा डब्याएवढे असून त्याचा आवाज कुजबुजीहून मोठा नसतो. त्यास सीपॅप म्हणतात; अखंड धन दाबाचा वायुपुरवठा हा त्या इंग्रजी नावाचा आशय होय.

दाब तो किती?

दाब हा शब्द ऐकून पुष्कळांच्या मनात धास्ती बसते. ती घालविण्यासाठी एक प्रयोग करावा. पेल्यात पाणी घेऊन त्यात नळी १० सेंटिमीटर खोल बुडवावी आणि हळूच फुंकावी. बुडबुडे येऊ लागले की आपण जवळजवळ १० सेंटिमीटर पाण्याच्या उंचीइतका दाब निर्माण केला असे समजावे. सीपॅप यंत्राचा दाब साधारणतः अशा ४ ते २० सेंटिमीटरांच्या मर्यादेत असतो. समुद्रसपाटीवर वातावरणाचा दाब सुमारे १,०३३ सेंटिमीटर पाण्याइतका असतो. म्हणजे १० सेंटिमीटरांची ही भर जेमतेम शंभरावा हिस्सा ठरते. सायकलच्या नळीत भरलेली हवा रबराच्या भिंती आतून तोलून धरते, तद्वत् हा दाब घशाच्या भिंतींना आतून टेकू देतो.

येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी. हे यंत्र आपल्या वतीने श्वास घेत नाही. त्याच्या तालावर श्वास घेण्याचा प्रयत्न करू नये. श्वास आपलाच, ताल आपलाच. यंत्र केवळ वाट उघडी ठेवते. हे ज्याला उमगले त्याची निम्मी धडपड संपते.

पहिली रात्र आणि पुढच्या पायऱ्या

कल्पना करा की, एका शाळेतील गुरुजींना हा विकार आहे. जेवणाच्या सुटीनंतरच्या तासाला ते टेबलाशी पेंगतात, मुले खुदखुदतात, आणि मुख्याध्यापक त्यांना आळशी समजतात. तपासणी होते, यंत्र घरी येते. पहिल्याच रात्री गुरुजी मुखवटा घट्ट आवळून निजतात. नाकात वारा शिरतो, जीव कोंडल्यासारखा वाटतो, आणि मध्यरात्री ते मुखवटा काढून फेकतात. सकाळी पत्नी म्हणते, "अहो, जितका वेळ ते नाकावर होतं, तितका वेळ तुम्ही घोरला नाहीत." पण गुरुजींचे मन उडालेले असते. आठवडाभराने यंत्र कपाटावर जाते आणि त्यावर धूळ साचू लागते.

हे गुरुजी कल्पनेतले असले, तरी अशी कपाटावर गेलेली यंत्रे खरोखरीच पुष्कळ आहेत. चूक त्यांच्या इच्छेची नव्हती. पोहायला शिकणाऱ्यास पहिल्याच दिवशी विहिरीच्या खोल पाण्यात सोडावे, तसे त्यांनी स्वतःस सोडले होते. मेंदू नाकातोंडावरील आवरणास धोका समजतो. ती भीती दिवसाउजेडी, जागेपणी आणि थोडी थोडी मोडावी लागते.

पहिल्या पायरीस यंत्र बंदच ठेवावे. नाकावरचा मुखवटा पट्टे न बांधता हाताने नाकाशी धरावा आणि चारदोन मिनिटे शांतपणे श्वास घ्यावा. वाटेल तेव्हा तो बाजूला करता येतो, हा विश्वास येथे महत्त्वाचा आहे. दुसऱ्या पायरीस कमी दाबाने वारा सुरू करून खुर्चीत बसावे. वर्तमानपत्र वाचावे, रेडिओ ऐकावा. श्वास सावकाश सोडावा. वाऱ्याविरुद्ध श्वास सोडण्याचे वेगळेपण हळूहळू बोथट होत जाते. तिसऱ्या पायरीस पट्टे बांधून तसेच बसावे व काळ वाढवीत अर्ध्या तासापर्यंत न्यावा. चौथ्या पायरीस दुपारची वामकुक्षी मुखवट्यासह करावी, आणि मग रात्रीचा प्रयोग करावा. एखाद्या पायरीवर जीव घाबरल्यास एक पायरी मागे यावे. त्यात कमीपणा नाही. कोणास हे चार दिवसांत साधते, कोणास काही आठवडे लागतात.

बहुतेक यंत्रांत दाब हळूहळू चढविण्याची सोय असते. डोळा लागेपर्यंत दाब कमी राहतो व नंतर तो ठरलेल्या मर्यादेस पोहोचतो. ही सोय नवशिक्याने अवश्य वापरावी. मात्र मूळ दाब डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून बदलू नये.

लहान अडचणी, लहान उपाय

मुखवट्याच्या कडेने वारा सुटून डोळ्यांवर येऊ लागला की मनुष्य पट्टे अधिक आवळतो. बहुधा तेथेच चूक होते. मुखवट्याची मऊ कड वाऱ्याने फुगून चेहऱ्यावर बसावयाची असते. अति आवळल्यास ती चुरगळते, गळती वाढते आणि नाकाच्या दांड्यावर लाल वळ उठतो. पट्टे नेहमी आडवे पडून व वारा चालू ठेवून जुळवावेत, कारण निजल्यावर चेहऱ्याची ठेवण थोडी बदलते. दाट मिशांमुळेही गळती होते. मुखवटे तीन प्रकारचे मिळतात: केवळ नाकावर बसणारे, नाकपुड्यांशी टेकणारे आणि नाक-तोंड दोन्ही झाकणारे. एक न मानवल्यास दुसरा मागून घ्यावा.

नाक चोंदत असेल तर प्रथम त्याचा उपचार करावा. उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्याने नाक धुतल्यास पुष्कळांना आराम पडतो. घसा कोरडा पडत असल्यास वाऱ्यास ओलावा देणारी पाण्याची टाकी यंत्रास जोडतात. तीत ऊर्ध्वपातित पाणी घालावे, म्हणजे क्षारांचा थर धरत नाही, आणि ते रोज बदलावे. थंडीच्या दिवसांत हाच ओलावा नळीत थेंब होऊन साठतो व नाकाशी खळखळतो. यंत्र उशीपेक्षा खालच्या पातळीवर ठेवले आणि नळी पांघरुणाखालून नेली की हा त्रास कमी होतो.

मुखवट्याची कड रोज सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवावी. धुळीच्या प्रदेशात यंत्राची गाळणी वारंवार पाहावी. मुखवट्यावरील बारीक छिद्रे सोडलेला श्वास बाहेर जाण्यासाठी असतात. ती कधीही बुजवू नयेत. जेथे वीज जाते तेथे बॅटरीची तजवीज असावी. वीज गेल्यास मुखवटा काढून ठेवावा.

उत्तररात्रीचे महत्त्व

काही लोक म्हणतात, "मी निम्मी रात्र लावतो, तेवढे पुरे." हा हिशेब फसवा आहे. ज्या झोपेत आपण ठळक स्वप्ने पाहतो ती पहाटेच्या बाजूस अधिक असते, आणि तिच्यात स्नायू सर्वाधिक सैल पडतात. पुष्कळांचा श्वास याच वेळी सर्वांत जास्त अडतो. म्हणजे रात्री दोन वाजता मुखवटा काढणारा मनुष्य पावसाच्या ऐन सरीत छत्री मिटतो. झोपेत मुखवटा निघालाच, तर जाग येताच तो पुन्हा चढवावा. स्वतःवर रागावू नये.

यंत्राकडून काय अपेक्षा धरावी, हेही सांगितले पाहिजे. दिवसाची पेंग कमी होणे हा त्याचा सर्वांत खात्रीचा लाभ. रक्तदाबही थोडा उतरतो. हृदयविकाराविषयी मात्र सावधपणे बोलावे लागते. हृदयाच्या किंवा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार आधीच असलेल्या २,७१७ व्यक्तींवरील प्रयोगाचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. त्यात या यंत्रामुळे हृदयविकाराचे व पक्षाघाताचे नवे प्रसंग कमी झाल्याचे दिसले नाही. त्या प्रयोगात यंत्राचा सरासरी वापर रात्री ३.३ तास एवढाच होता, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. शिवाय यंत्र रोग मुळातून काढीत नाही. ते लावले त्या रात्रीपुरता घसा उघडा ठेवते. वजन घटविणे, कुशीवर निजणे, जबडा पुढे धरणारे दंतसाधन व काही प्रसंगी शस्त्रक्रिया हे अन्य उपाय डॉक्टर सुचवितात.

पुन्हा त्या गुरुजींकडे वळू. समजा, त्यांनी कपाटावरील यंत्र खाली काढले, धूळ पुसली, आणि या वेळी खुर्चीत बसून पहिल्या पायरीपासून आरंभ केला. महिन्याभराने एखाद्या दुपारी फळ्याशी उभे असता त्यांच्या ध्यानात येईल की आज पेंग आली नाही. ते आळशी नव्हते, हे तेव्हा त्यांना स्वतःलाही कळेल.

हा विकार ज्याचा त्याला दिसत नाही, कारण तो घडतो तेव्हा रोगी निजलेला असतो. त्याचा पहिला साक्षीदार शेजारी जागा असलेला मनुष्य होय. म्हणून आपल्या घरी आजोबांचे, वडिलांचे वा आईचे घोरणे मध्येच थांबत असेल, तर हसण्यापूर्वी घड्याळात सेकंद मोजावेत. दहा सेकंदांची ती शांतता वारंवार ऐकू आली, तर सकाळी त्यांस अवश्य सांगावे आणि डॉक्टरांकडे घेऊन जावे.